सेवा आणि नेतृत्व : कुलाबा जिल्ह्यातील एक स्मरण

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावातून उल्हास नदीच्या वरच्या अंगाला नजर टाकली, की राजमाचीचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी कोंडाणे येथील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. हा परिसर आज रायगड जिल्ह्यात मोडतो. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद याच जिल्ह्याच्या नावाने भरली होती, हे कर्जत-खालापूरच्या बांधवांनी विसरू नये. महाड आपल्यापासून दूर असेल. परंतु ती परिषद आपल्याच जिल्ह्याची होती.

त्या परिषदेचा इतिहास आपण बहुधा चवदार तळ्यापाशी सुरू करतो. आज आम्ही त्याच्या एका दुर्लक्षित बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती बाजू म्हणजे समाजसेवेच्या संस्थेचे नेतृत्व कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न.

अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी संस्था त्यापूर्वीही निघाल्या होत्या. १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. त्यांची तळमळ निर्विवाद होती. पण अध्यक्षपदी सर नारायण चंदावरकर होते. सेवा अस्पृश्यांची आणि सूत्रे इतरांची, अशीच त्या काळातील रीत होती.

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या रचनेत एक सूक्ष्म पण मूलगामी बदल दिसतो. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, उपाध्यक्षांत डॉ. र. पु. परांजपे, बा. गं. खेर अशी मंडळी होती. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि कोषाध्यक्ष निवृत्ती तुळशीदास जाधव होते. मानाची पदे मित्रांना दिली. पण दप्तर, तिजोरी आणि निर्णय आपल्या माणसांच्या हाती ठेवले. सभेने सोलापुरात १९२५ च्या जानेवारीत विद्यार्थी वसतिगृह उघडले, मुंबईत मोफत वाचनालय चालविले, तरुणांसाठी हॉकीचा संघही काढला. हिशेब ठेवणे, सभा बोलावणे, वर्गणी जमविणे हे शिक्षण समाजाला तेथे मिळाले.

महाडच्या परिषदेत या शिक्षणाची कसोटी लागली. दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्या उभारणीसाठी अविश्रांत श्रम केले. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस या स्पृश्य सहकाऱ्यांनीही मोलाची साथ दिली. पाण्यासाठी लढायला निघालेल्या त्या परिषदेला प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, यावरून तेव्हाची परिस्थिती ध्यानात यावी. डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. अशा वेळी शिस्त राखणारे स्वयंसेवक समाजातूनच उभे राहिले. महाड परिसरातील निवृत्त सैनिकांचा अनुभव त्यांच्या कामी आला. समता सैनिक दलाची परंपरा याच मातीतून वाढली.

पुढे १९३२ साली हाच प्रश्न अखिल भारतीय पातळीवर उभा राहिला. पुणे करारानंतर ३० सप्टेंबरला जी अस्पृश्यता निवारक संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर चिटणीस होते. बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी आगबोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. ज्याला प्रेम आहे तोच सेवा करू शकतो, म्हणून कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत, असा त्यांचा आशय होता. त्या पत्राची पोचही मिळाली नाही. संघ म्हणजे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, म्हणून त्याचा कारभारही त्यांनीच पाहावा, अशी गांधीजींची भूमिका होती. प्रायश्चित्त करणाऱ्याच्या मनाची शुद्धी होईलही. पण ज्याची सेवा करायची, त्याला निर्णयात स्थान नसेल तर तो याचकच राहतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी गोऱ्यांच्या मंडळांच्या दारात ताटकळत न राहता १८९६ साली आपल्या क्लबांची राष्ट्रीय संघटना उभारली. मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डॉ. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, त्यामागे ही समदुःखाची ओळखच होती. आपल्याकडेही २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषविले.

इतिहासाचा हा आरसा आम्हांला स्वतःपुढेही धरावा लागेल. परक्यांच्या हातून सूत्रे घेतली, एवढ्याने काम संपले काय? आपल्या विहारांच्या समित्यांत आणि जयंती मंडळांत उपासिका चटया अंथरतात, खीर वाटतात, वर्गणीसाठी घरोघर फिरतात. किती ठिकाणी हिशेबाची वही त्यांच्या हाती असते? कालच्या चंदावरकरांना विचारलेला प्रश्न आज आम्हांलाही लागू पडतो.

कोंडाण्याच्या लेण्यांत एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कान्हाचा अंतेवासी बालक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. ज्याने काम केले त्याचेच नाव दगडावर राहिले. आमच्या विहारांच्या वह्यांतही हाच नियम पाळला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.