गावराणी कापूस आणि शेतातली इरवड

परभणीच्या कापसाचा इतिहास बहुधा रेल्वेपासून सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या भागातून गेली आणि सेलू, मानवत, परभणीच्या बाजारांना चढता काळ आला. ते खरेच आहे. पण त्या गाड्यांतून जो कापूस गेला, त्याच्याबद्दल आणि तो ज्या शेतात वाढला त्या शेताबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही.

तो कापूस गावराणी. शास्त्रीय नाव गॉसिपियम आर्बोरियम. त्याची गुणसूत्रे २६, अमेरिकन कापसाची ५२. म्हणजे दिसायला भावंडे असली तरी सोयरीक सहज जुळत नाही. सोटमूळ काळ्या जमिनीत खोल जाणारे, त्यामुळे पावसाचा खंड सोसणारे झाड. तुडतुडे-फुलकिड्यांना ते सहसा दाद देत नाही.

सरकी शेणमातीत चोळून तिफणीने पेरत. पण शेत एकट्या कापसाचे क्वचितच असे. काही तासांनंतर तुरीचे तास, मध्ये मूग-उडीद, कुठे ज्वारी, कडेने अंबाडी. याला इरवड म्हणत. जुने शेतकरी निसर्गाचा समतोल साधण्यासाठी हे करत, असे अलीकडे लिहिले जाते. मला ते भाबडे वाटते. त्यांना घरची डाळ हवी होती, दोरांना अंबाडी हवी होती आणि एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी हवे होते. परिणाम मात्र निसर्गाच्या हिशेबातच जमा झाला. मूग-उडदाच्या मुळांवरच्या गाठींनी जमिनीला नत्र दिले. ज्वारीच्या ताटांवर बसणारी पाखरे अळ्या वेचत. एका पिकावरचा मावा संपला की ढालकिड्यांना शेजारच्या पिकावर खाद्य मिळे. तांदुळजा, पाथरी, घोळ ही निंदणीत निघणारी तणे पदरात पडून घरी भाजीला जात.

१९१८ साली परभणीत सरकारी प्रयोगक्षेत्र सुरू झाले. गावराणी हा एकच वाण नव्हता, गावोगावच्या सरमिसळ बियाण्याचा तो एकत्रित नाव झालेला गोतावळा होता. त्यातून गावराणी-६, गावराणी-१२ असे शुद्ध वाण निवडले गेले. गिरणीला एकसारखा धागा हवा होता. एकसारखेपणाची मागणी आपल्याकडे संकरित बियाण्याच्या कितीतरी आधी आली, हे विसरता कामा नये.

मोठा फेरा आला तो फाळणीने. लांब धाग्याचा अमेरिकन कापूस पिकवणारा सिंध आणि पश्चिम पंजाब पलीकडे गेला, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. सरकारने अमेरिकन कापसाचा आग्रह धरला. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. पुढे नांदेडच्या केंद्रातून आलेला एनएचएच-४४ मराठवाड्यात घरोघरी पोचला. उत्पन्न वाढले, त्याबरोबर फवारणीही वाढली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत औषधांना न जुमानणारी अमेरिकन बोंडअळी पसरली. हरभऱ्यावर हिलाच आपण घाटेअळी म्हणतो.

तिच्यावर उतारा म्हणून मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. घाटेअळी खरोखर आटोक्यात आली. ती तूर, हरभरा, ज्वारी अशा अनेक पिकांवर जगते. बीटीचे विष न चाखलेले तिचे पतंग शेजारच्या शेतांत सतत तयार होतात आणि विष पचवणाऱ्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकार मंदावतो. इरवडीचे हे शेवटचे देणे. शेंदरी, म्हणजे गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. ती जवळजवळ कापसावरच जगते. तिच्यासाठी बिगर-बीटी कापसाच्याच ओळी लागतात, आणि त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. ती बहुतेकांनी बांधावर टाकली. अळी लागणारच अशा ओळी मुद्दाम का पेरायच्या, हे त्यांना कोणी नीट समजावले नव्हते. वर फरदडीमुळे अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे किडली आणि शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातले.

गावराणीकडे परतणे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. बोंड लहान, त्यामुळे वेचणीला बायका जास्त लागतात. फुटलेला कापूस झाडावर नीट टिकत नाही, गळून मातीत मिसळतो. तरीही परभणीतल्या महबूब बाग केंद्राने देशी कापसावरचे काम सोडले नाही. पीए २५५ म्हणजे परभणी तुराब, पीए ४०२ म्हणजे विनायक, पीए ०८ असे वाण तिथून आले. त्यांचा धागा अमेरिकन कापसाच्या जवळ पोचणारा आहे. म्हणजे आखूड धागा हे देशी कापूस नाकारण्याचे जुने कारण आता तितकेसे उरलेले नाही.

नवे कारण बाजारात आहे. दोन एकर देशी कापूस लावणाऱ्याची गाडी जिनिंगवर येते, तेव्हा त्याच्या मालासाठी वेगळा ढीग लावला जात नाही. तो इतरांच्या कापसात ओतला जातो, आणि सरकीही त्यातच मिसळते. पुढच्या मृगाला पेरायला शुद्ध बी हवे असेल, तर त्याने ते घरीच हाताने रेचून ठेवलेले असावे लागते.