परिचारिका-भूलतज्ज्ञ अभ्यासक्रम : मान्यता आणि निवड (अमेरिका)

अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याचे काम डॉक्टर भूलतज्ज्ञांप्रमाणे प्रमाणित परिचारिका-भूलतज्ज्ञही करतात. (भारतात ही जबाबदारी वैद्यकीय पदवीधराची आहे.) या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था ‘सीओए’ या नावाने ओळखली जाते, १९७५ पासून ती स्वायत्त परिषद आहे. तिची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेला बसता येत नाही. विद्यापीठाला मान्यता आहे किंवा तिथल्या परिचर्या विभागाला दुसऱ्या संस्थेने मान्यता दिली आहे, एवढ्याने भागत नाही. त्यामुळे शाळा निवडताना पहिला प्रश्न मान्यतेचाच असला पाहिजे. मात्र तो शेवटचा नव्हे. मान्यता किमान पात्रतेची हमी देते, उत्तम शिक्षणाची नाही. ती ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच पाहून थांबणारा उमेदवार स्वतःचे नुकसान करून घेतो.

मान्यतेच्या पोटात दर्जाचे बरेच तपशील दडलेले असतात. परिषद एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची मान्यता देते. मुदत कमी मिळाली, मध्येच प्रगतीचा अहवाल मागवला गेला किंवा अभ्यासक्रम परिवीक्षेखाली ठेवला गेला, तर परिषदेला कुठे काही खटकले आहे असे समजावे. परिवीक्षेखालचा अभ्यासक्रमही मान्यताप्राप्तच असतो, हे घाबरलेले उमेदवार विसरतात. पण नेमके काय खटकले हे विचारणे अत्यावश्यक आहे. कागदपत्रे वेळेवर न पोचणे आणि विद्यार्थ्यांना पुरेशा शस्त्रक्रिया अनुभवायला न मिळणे, या दोन तक्रारींना एकाच मापाने मोजता येत नाही. पदवीपूर्वी किमान ६०० प्रकरणे आणि २,००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तो मिळवून देणारी रुग्णालये हातची गेली, तर वर्गातले शिक्षण कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाही. अशी रुग्णालये हाताशी आहेत का, हा प्रश्न उमेदवाराने विभागप्रमुखांना थेट विचारावा. टाळाटाळीचे उत्तर मिळाले, तर तोही पुरावाच आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे : परिषदेने तपासलेलेच जर पुन्हा तपासायचे, तर परिषद कशाला? उत्तर असे की परिषदेची सविस्तर तपासणी काही वर्षांतून एकदा होते, मधल्या काळात प्राध्यापक बदलतात, तुकड्या वाढतात. म्हणूनच अभ्यासक्रमांना पहिल्या प्रयत्नातील उत्तीर्णांचे प्रमाण, मध्येच सोडून गेलेल्यांचे प्रमाण आणि नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण जाहीर करावे लागते. हे तिन्ही आकडे एकत्र वाचावेत. अर्धवट सोडणारे बरेच असतील, तर उत्तीर्णांचा उंच आकडा फसवा ठरतो, कारण कच्चे विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोचलेलेच नसतात. नव्या अभ्यासक्रमाकडे असे आकडे नसतात, हा दुसरा आक्षेप. तिथे प्राध्यापकांचा पूर्वानुभव आणि रुग्णालयांशी झालेले लेखी करार पाहावेत. एवढी चौकशी करायची, कारण पणाला बरेच काही लागलेले असते : २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट पातळीचाच अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्याला किमान ३६ महिने लागतात. अतिदक्षता विभागात किमान वर्षभर काम करून आलेली परिचारिका बहुधा ती नोकरी सोडून हे शिक्षण घेते. तिने अर्ज भरण्याआधी परिषदेच्या यादीत अभ्यासक्रमाची सद्यस्थिती, पुढील तपासणीचे वर्ष आणि गेल्या काही तुकड्यांचे आकडे स्वतः पाहणे हा तिचा हक्क आहे.