कूलामन
कूलामन : ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे, एकसंध लाकडातून कोरलेले उथळ व लांबट पात्र. हा शब्द न्यू साउथ वेल्समधील कामिलरॉय भाषेतून इंग्रजीत आला व पुढे खंडभरातील अशा पात्रांस सरसकट लावला गेला. प्रत्यक्षात स्थानिक नावे अनेक आहेत. पश्चिम वाळवंटातील पिट्जंट्जाट्जारा लोक रुंद पात्रास पिती, पाण्याच्या खोल पात्रास मिम्पू व माती उकरण्याच्या लहान पात्रास वीरा म्हणतात.

बहुतांश खंडात मातीची भांडी घडविण्याची प्रथा नसल्याने भटक्या जीवनात या पात्राला मोठे महत्त्व होते. कंदमुळे, बिया व पाणी यांची ने-आण त्यातून होई. तान्ह्या मुलाचा पाळणाही तेच. स्त्रिया ते कुशीला धरून किंवा केसांच्या दोरीच्या चुंबळीवर ठेवून वाहून नेत. पाणी हिंदकळू नये म्हणून वर डहाळ्या वा गवत टाकीत.

पात्रासाठी पांगाऱ्याच्याच प्रजातीतील इनिन्टी वृक्षाचे हलके लाकूड किंवा निलगिरीच्या प्रजातीतील नदीकाठच्या वृक्षांचे लाकूड घेत. खोडाचा नैसर्गिक बाक हेरून तेवढाच भाग काढला जाई व झाड जिवंत राही. असे व्रण असलेले जुने वृक्ष आजही आढळतात. राळेने दगडी पाते बसविलेल्या, वाकसासारख्या हत्याराने ते तासून पुष्कळदा गेरूने रंगवीत. तापलेल्या तारेने नक्षी डागण्याची पद्धत मात्र यूरोपीयांच्या संपर्कानंतरची आहे.

बियांपासून फोलपटे वेगळी करण्यासाठी पात्र लयीत हेलकावण्याच्या क्रियेस ‘यांडी’ म्हणतात. तिचे सुपाने पाखडण्याशी साम्य असले, तरी ती अधिक कौशल्याची आहे. १ मे १९४६ रोजी पिल्बरा प्रदेशातील आदिवासी गुराख्यांनी तुटपुंज्या वेतनाविरुद्ध संप पुकारला. तो १९४९ पर्यंत चालला. या काळात संपकऱ्यांनी पत्र्याच्या पात्रांत, याच रीतीने, कथिलाचे धातुक व इतर खनिजे मातीतून वेगळी करून उदरनिर्वाह केला. अनेकजण पुन्हा मालकांकडे परतलेच नाहीत.

विसाव्या शतकात सुमारे १९७० पर्यंत शासकीय धोरणानुसार अनेक आदिवासी मुलांना मातापित्यांपासून तोडण्यात आले. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत त्याबद्दल क्षमायाचना केली. त्या वेळी अशाच एका पीडित स्त्रीने, लॉरेन पीटर्स यांनी, त्यांना काचेचे कूलामन भेट दिले.