कातर रे भाजी! संमोहनाचा खरा धडा देणारा गोंयकार

पुरवणीसाठी जाहिराती गोळा करत फिरतो तेव्हा आम्ही तालुक्याचे वार्ताहर फार प्रश्न विचारत नाही. कमिशनवर घर चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तीन वर्षांपूर्वी अशीच एक अर्ध्या पानाची जाहिरात मी आणली. 'संमोहनातून सुप्त शक्ती जागवा, दहावी-बारावीत ९० टक्के मिळवा.' तीन दिवसांचं शिबिर, फी सात हजार. जाहिरात छापून आली, कमिशन मिळालं, मी विसरलो.

निकालानंतर ओळखीचे एक काका स्टँडवर भेटले. सुपारी विकून आलेल्या पैशांतून त्यांनी पोराची फी भरली होती. पोरगा गणितात नापास. काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमच्या पेपरात इला होता, म्हणान पैशे भरले." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. यंदा परीक्षेच्या तोंडावर तसलीच पत्रकं पुन्हा वाटली जातायत, म्हणून हे लिहितोय.

आपण सिंधुदुर्गातली माणसं कामाला, दवाखान्याला सारखी गोव्यात जातो. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा आणि समोर एक बाई मागे कललेली. अनेकांना वाटतं हा कुणी मांत्रिक. तो आबे फारियांचा पुतळा. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५.

जुझे कुस्तोदियु द फारिया १७५६ मध्ये बार्देशातल्या कांदोळीला जन्मले. १५ वर्षांचे असताना वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिकून पाद्री झाले. त्यांची एक गोष्ट गोव्यात अजून सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायचं होतं. समोर एवढी बडी मंडळी बघून तरुण फारियांची बोबडीच वळली. तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' आणि भीती गेली. प्रवचन धडाधड झालं. ही दंतकथा असेलही, पण तिच्यातला एक मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीला आला. त्यानंतर १७८८ मध्ये फारिया पॅरिसला गेले. तिथे त्याआधीच मेस्मर नावाच्या डॉक्टरने धुमाकूळ घातला होता. माणसाच्या अंगात एक चुंबकीय प्रवाह असतो आणि तो मी हाताने फिरवून रोग बरे करतो, असा त्याचा दावा. राजाने १७८४ मध्ये चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिएसारखी माणसं होती. त्यांनी एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेतल्या झाडांपाशी नेलं. 'मंतरलेलं' झाड एकच होतं. मुलगा कोसळला तो भलत्याच झाडापाशी! समितीने निकाल दिला: प्रवाह वगैरे काही नाही, ही कल्पनेची करामत.

समिती तिथे थांबली. फारिया एक पाऊल पुढे गेले. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते जाहीर प्रयोग करू लागले. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, मन झोपेवर एकाग्र करायला लावायचं आणि मग मोठ्याने म्हणायचं, 'झोपा!' अनेक जण खरंच झोपेसारख्या अवस्थेत जात. पण फारिया लोकांना सांगायचे की ही ताकद माझ्या हातात नाही, तुमच्याच मनात आहे, आणि सगळ्यांवर हे सारखं चालतही नाही.

जरा विचार करा. दुकान मांडून बसलेला माणूस गिऱ्हाइकाला सांगतोय की माल तुमच्याच घरात आहे! प्रवाहवाले त्यांच्यावर चिडले, धर्मवाल्यांना त्यात सैतान दिसला. १८१६ मध्ये त्यांची टर उडवणारं नाटक रंगभूमीवर आलं. १८१९ मध्ये फारिया गरिबीतच वारले. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक छापलं गेलं. 'हिप्नॉटिझम' हा शब्द इंग्लंडात जेम्स ब्रेड यांनी रुळवला तो पुढे १८४३ च्या सुमारास. फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी फारियांचं म्हणणं उचलून धरलं. तिथेच धडे घेतलेले एमिल कुए हे औषधविक्रेते १९२० च्या दशकात स्वयंसूचनेसाठी जगभर गाजले. तेही हेच सांगत: मी कुणाला बरं करत नाही, लोक स्वतःच बरे होतात.

म्हणजे या विद्येतले प्रामाणिक लोक आणि आपल्याकडची पत्रकं यांच्यात नेमका इथेच फरक आहे. ते म्हणाले, शक्ती तुमची. पत्रक म्हणतं, सात हजार भरा, शक्ती आम्ही देतो.

संमोहन थोतांड आहे असं मी म्हणत नाही. वेदना, चिंता, आयबीएससारखा पोटाचा त्रास यांत प्रशिक्षित डॉक्टर त्याचा उपयोग करतात, त्याला अभ्यासाचा आधार आहे. पण स्मरणशक्ती वाढते, याला तसा आधार नाही. उलट संमोहनात खोट्या आठवणीही खऱ्याइतक्याच खात्रीने मिसळतात, हे प्रयोगांत दिसलंय.

आता भाजीचा मुद्दा. वडिलांच्या शब्दाने फारियांची फक्त भीती गेली. प्रवचन त्यांना आधीच येत होतं, ते वर्षानुवर्षं शिकले होते. भीती कुणी काढू शकतं. न केलेलं गणित डोक्यात कुणी घालू शकत नाही.

पोरगं परीक्षेला खूपच घाबरत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, त्यात लाज कसली? नुसतीच धाकधूक असेल तर आदल्या रात्री बापाने जवळ बसून दोन शब्द बोलले तरी पुष्कळ.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. मी नाही म्हटलं. काकांचे सात हजार त्याने परत येणार नाहीत, हे माहीत आहे. तुमच्या ओळखीत कुणी पैसे भरायच्या बेतात असेल, तर त्यांना मात्र हे जरूर वाचायला द्या.