विजयदुर्ग ते वेल्शपूल

शाळेत इतिहास शिकवताना क्लाइव्हचा धडा दरवर्षी यायचा. प्लासी, २३ जून १७५७, मीर जाफर, दिवाणी. की धडा संपला! या माणसाच्या घराण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न पुस्तकात नव्हता आणि खरे सांगायचे तर मलाही कधी पडला नाही. त्याचे उत्तर वेल्समधल्या एका डोंगराळ, मेंढरांच्या मुलखात आहे, हे कळायला निवृत्ती यावी लागली.

त्या मुलखाचे नाव पॉइस. १९७४ साली तीन जुन्या काउंट्या एकत्र करून ही काउंटी झाली. क्षेत्रफळ वेल्सच्या जवळजवळ चौथा हिस्सा, वस्ती मात्र जेमतेम सव्वा लाखाच्या वर. इथे वेल्शपूल नावाचे लहानसे बाजाराचे गाव आहे आणि गावाशेजारी टेकडीवर तांबड्या दगडाचा पॉइस किल्ला. मूळचा तेराव्या शतकातल्या वेल्श सरदारांचा, १५८७ पासून हर्बर्ट घराण्याचा.

रॉबर्ट क्लाइव्हचा इथल्या मातीशी तसा संबंध नाही. तो शेजारच्या श्रॉपशायरचा. परंतु त्याचा मुलगा एडवर्ड याने १७८४ साली हर्बर्टांच्या हेन्रिएटाशी लग्न केले. पैसा क्लाइव्हांचा, कूळ हर्बर्टांचे! पुढे हेन्रिएटाचा भाऊ निपुत्रिक वारला आणि किल्ला तिच्या मुलाकडे आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, तेव्हा हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूचे सिंहासन फोडून त्याचे तुकडे वाटण्यात आले. त्यातले सोन्याचे, रत्नजडित वाघाचे एक मुंडके आज या किल्ल्यात आहे. टिपूचा फुलांच्या नक्षीच्या छिटाचा तंबूही तिथेच आहे. पुढच्या काळात तो हिरवळीवरच्या मेजवान्यांसाठी उभारत असत म्हणे. रणभूमीवरचा तंबू, आणि त्याखाली चहा!

किल्ला १९५२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. क्लाइव्ह पिता-पुत्रांनी आणि हेन्रिएटाने जमवलेल्या सुमारे हजारभर वस्तूंपैकी निवडक वस्तूंचे दालन १९८७ मध्ये उघडले. २०२० साली ट्रस्टने आपल्या वास्तूंचा वसाहतींशी असलेला संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यात पॉइसही होता. त्यावरून तिकडे बराच गदारोळ झाला. असो.

आता त्याच गावातले दुसरे संग्रहालय पाहा. १८६७ साली आसपासच्या इतिहासप्रेमी मंडळींनी 'पॉइसलँड क्लब' काढला आणि १८७४ मध्ये स्वतःचे संग्रहालय उभे केले. आता ते कालव्याकाठच्या जुन्या गोदामात, वाचनालयासोबत आहे. थोड्या अंतरावर न्यूटाऊन. तिथले विणकामाचे संग्रहालय पाहावे. खाली विणकरांची घरे, वरच्या मजल्यावर सलग माग, आणि उजेडासाठी भरपूर खिडक्या. फ्लॅनेल विणून या गावाने नाव कमावले. नफा मात्र बराच काळ श्रूसबरीच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर जायचा. न्यूटाऊनचाच रॉबर्ट ओवेन (१७७१-१८५८). गिरणीमालक असून त्याने १८१६ साली न्यू लॅनार्कला कामगारांच्या चिमुकल्यांसाठी शाळा काढली आणि तिथे मारायला बंदी केली. छडीच्या जमान्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे वाचून थोडे ओशाळायला होते.

मग प्रश्न पडतो, पॉइसचा वारसा कुठला? मागावरचे फ्लॅनेल, की टिपूचा वाघ? पर्यटक वाघ बघायला जातात. मला विचाराल तर माग त्या मातीतला आहे, वाघ पाहुणासुद्धा नाही, त्याला धरून आणलेला आहे. तो परत यावा असे माझे मत आहे. कुठे यावा, कोणाच्या ताब्यात द्यावा, यावर आपल्याकडे किती भांडणे होतील याची मात्र कल्पना करवत नाही.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट टोचते. प्लासीच्या सव्वा वर्ष आधी हाच क्लाइव्ह आपल्या कोकणात होता. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. समुद्रातून अॅडमिरल वॉटसनच्या तोफा, जमिनीवर क्लाइव्हची फौज. तुळाजी आंग्र्यांचे आरमार धक्क्याजवळच जळून गेले. सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, मराठ्यांना त्यातले काही दिले नाही. आणि या मोहिमेत इंग्रजांचा जोडीदार कोण? नानासाहेब पेशवे! तुळाजी डोईजड झाला म्हणून मराठ्यांनी मराठ्यांचेच आरमार बुडवायला परक्याची मदत घेतली. मी इतकी वर्षे धडा प्लासीपासून सुरू केला, विजयदुर्गावरून तो कधीच सुरू केला नाही. पुस्तकात नव्हते हे खरे, पण मला माहीत होते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात विजयदुर्ग आहे. आता तिथे माहितीचे फलक लागतील, लागायलाच हवेत. फेब्रुवारी १७५६ च्या फलकावर वॉटसन आणि क्लाइव्हची नावे येतील याची मला खात्री आहे. तिसरे नाव लिहितात का, ते पाहायला मी गुडघे साथ देतील तर जाणार आहे.