नेमाडे, भालचंद्र वनाजी

(27 मे 1938– ). मराठी कादंबरीकार, कवी व समीक्षक. जन्म जळगाव जिल्ह्यातील सांगवी येथे, शेतकरी कुटुंबात. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन व डेक्कन महाविद्यालयांत आणि पुढे मुंबई विद्यापीठात. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशा फिरतीच्या प्राध्यापकीचा अनुभव त्यांच्या लेखनात जागोजाग उतरला आहे.

वयाच्या पंचविशीत लिहिलेली ‘कोसला’ (1963) ही त्यांची पहिली कादंबरी. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर याच्या आडनावातच लेखकाचे गाव आहे. खेड्यातला हा मुलगा पुण्याच्या वसतिगृहात राहतो, मेस आणि गॅदरिंगच्या भानगडींत वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तो भाग मराठी गद्यातील शोकाच्या श्रेष्ठ नमुन्यांपैकी एक मानावा लागेल. रोजनिशी, हिशेब, थट्टा, बखरीची नक्कल असे सगळे या निवेदनात चालते. खांडेकर-फडके यांच्या सुघड कादंबरीची सवय असलेल्या वाचकाला हा धक्काच होता.

पुढे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ (1979) या चार कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील हा प्राध्यापक गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरतो. जातीची गणिते, संस्थाचालकांची मर्जी, नोकरीची टांगती तलवार हे त्यातले तपशील मराठवाड्यातल्या वाचकाला परके वाटू नयेत. अशा स्वानुभवावर बेतलेल्या लेखनात नॉर्वेचे कादंबरीकार कार्ल उवे क्नाउसगोर यांनी सहा खंडांत (2009–2011) स्वतःचे आयुष्य खऱ्या नावांनिशी मांडले आणि नातेवाइकांचा रोष ओढवून घेतला. नेमाडे मात्र कल्पित नावांचा आडोसा सोडत नाहीत. त्यांना आत्मकबुलीपेक्षा भोवतालच्या समाजाची झडती घेण्यात अधिक रस दिसतो.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (2010) मध्ये खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मरणासन्न वडिलांसाठी गावाकडे निघतो, त्याच्या आठवणींतून शेतकरी कुळाचा इतिहास उलगडतो. पसरटपणा हा या कादंबरीचा दोष आहे, पण तिची ताकदही बरीचशी त्यातच आहे.

‘मेलडी’ (1970) व ‘देखणी’ (1991) हे त्यांचे कवितासंग्रह. समीक्षेत त्यांनी साहित्य आपल्या भूमीच्या परंपरेतून उगवावे असे मानणारा देशीवाद मांडला आणि लघुकथेला गौण ठरवून वाद ओढवून घेतला. ‘टीकास्वयंवर’ला 1990 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. 2011 मध्ये ते पद्मश्री झाले. 2014 च्या ज्ञानपीठ पुरस्काराने ते खांडेकर, कुसुमाग्रज व विंदा करंदीकर यांच्यानंतरचे चौथे मराठी मानकरी ठरले.