ठसा चांदीवर, ठसा कागदावर

हुपरीत घडलेले पैंजण हातात घेऊन पालथे केले, की कडीजवळ नखाएवढ्या जागेत दोन-तीन बारीक अक्षरे आणि कधी एखादा आकडा सापडतो. अक्षरे कारखानदाराच्या नावाची, आकडा टंचाचा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचा. सुलट्या बाजूला कोयरी, कमळ, मोर, पाकळ्या. तेही ठशानेच उठवलेले. एक ठसा नवरीच्या पायासाठी, दुसरा दुकानदाराच्या डोळ्यासाठी. शोभा आणि भरवसा ही ठशाची दोन कामे शेकडो वर्षे शेजारी शेजारी चालत आली. आज हौशी मंडळी रबरी ठसे आणि रंगीत शाया घेऊन भेटकार्डे करतात, तेव्हा त्यांतले एकच काम त्यांच्या हाती उरलेले असते. दुसरे कुठे गेले, हा ठशाच्या इतिहासातला खरा रंजक भाग.

हातकणंगले तालुक्यातले, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे हुपरी हे गाव 'चंदेरी नगरी' म्हणून ओळखले जाते. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे आणि घुंगरांचा माल इथून देशभर जातो. आसपास ऊस, शेजारी इचलकरंजीचे माग, आणि मध्येच हे चांदीचे गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही सोनार घरांनी सुरू केलेले काम पुढे जातीपातीचे कुंपण ओलांडून गावभर पसरले. एका घरात चांदी आटवायची, दुसऱ्यात पत्रा किंवा तार काढायची, तिसऱ्यात घुंगरे जोडायची, आणखी कुठे झाळ द्यायची आणि शेवटी मालाला उजाळा आणायचा. एक पैंजण तयार होईस्तोवर कितीतरी हातांतून फिरते, आणि त्यांत घरबसल्या जोडकाम करणाऱ्या बायकांचे हात पुष्कळ.

या साखळीत नक्षी येते ती डायमुळे. डाय म्हणजे सोनाराच्या जुन्या ठशाचे पोलादी, यंत्रावर चढवलेले रूप. पूर्वी सोनाराच्या पेटीत काशाचे किंवा पोलादाचे ठोकळे असत. ठोकळ्यात नक्षीचे खळगे कोरलेले. त्यावर पातळ पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशाचा तुकडा, आणि मग हातोडी. शिसे मऊ, ते पत्र्याला इजा न करता खळग्यात ढकलते. पत्रा उचलला की नक्षी फुगून वर आलेली. पुतळ्यांच्या माळेतली प्रत्येक पुतळी अशीच जन्माला येई. कोल्हापुरी साजातली पाने आणि अष्टमंगळे बाहेरून सोन्याची भरीव वाटतात. आत बहुधा लाख भरलेली असते आणि वरच्या पातळ पत्र्याला आकार दिलेला असतो ठशाने. तोळाभर सोन्यात अंगभर दागिना दिसावा, ही गिऱ्हाइकाची अपेक्षा ठशाने भागवली. हे कौशल्य मानायचे की हातचलाखी, यावर सोनार आणि सासू यांचे एकमत होणे कठीण.

डाय कोरणाऱ्याला मात्र सगळे उलटे पाहावे लागते. जे वर यायचे ते खोल जाते, जे डावीकडे दिसायचे ते उजवीकडे कोरावे लागते. फुलाला डावे-उजवे फारसे नसते, म्हणून तिथे चूक लपते. अक्षर आले की लपत नाही.

अक्षर आले की ठशाचे दुसरे काम सुरू होते. चांदीत भेसळ किती, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून टंचाचा आकडा आणि तो मारणाऱ्याचे नाव. गावोगावच्या पेढ्यांवर माल जातो तो या दोन बारीक खुणांच्या जिवावर. सरकारने या भरवशाला आपला शिक्का २००५ मध्ये दिला; भारतीय मानक ब्युरोचे हॉलमार्क तेव्हापासून चांदीलाही मिळू लागले. सोन्याला २०२१ मध्ये त्याची सक्ती सुरू झाली, चांदी मात्र त्यानंतरही ऐच्छिकच राहिली. आता तर ही खूण ठोकून उमटवण्याऐवजी लेझरने कोरतात. हातोडीचा घाव गेला, आकडा राहिला.

कागदावरच्या ठशाची गोष्टही भरवशापासूनच सुरू होते, आणि मराठी मुलखात ती फार तपशिलात पाहता येते. शहाजीराजे आणि जिजाऊसाहेबांच्या मुद्रा फारसीत होत्या. शिवाजीमहाराजांची अष्टकोनी मुद्रा संस्कृतात आली. रांझे गावच्या पाटलाला शिक्षा फर्मावणाऱ्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ती उमटलेली आहे. पत्राच्या माथ्याकडे मुद्रा, आणि मजकूर जिथे संपतो तिथे लहान मोर्तब. मोर्तब पडले की पुढे एक अक्षरही वाढवता येत नसे. खाली रिकामी जागा राहिली आणि कोणी चार ओळी घुसडल्या, तर त्या मोर्तबाच्या पलीकडे पडून उघड्या होत. लांबलचक कागदपत्रांसाठी तुकड्याला तुकडा चिकटवून गुंडाळी करत, तिथे सांध्यावर पाठीमागून शिक्का मारत. अर्धा शिक्का एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर. मधला तुकडा बदलला की शिक्क्याची दोन अर्धुके जुळायची नाहीत. कार्डे करणाऱ्या आजच्या मंडळींना दोन कागदांच्या जोडावर ठसा मारायला फार आवडते. त्यांना ती सजावट वाटते. फडावरच्या कारकुनाला ते कुलूप वाटे.

साहित्यही तेच होते, फक्त घरगुती. शाई काजळाची. दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक घालून ती घोटत बसायचे, जितकी घोटाल तितकी काळी आणि टिकाऊ. कागद हाती बनवलेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद करणाऱ्यांची वस्तीच होती. चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, हौदातल्या लगद्यातून चाळणीवर थर उचलायचा, वाळवायचा, मग खळ देऊन गुळगुळीत दगडाने घासायचा. हे घासणे महत्त्वाचे. खळ न दिलेला कागद शाई पितो आणि ठशाची कड फिसकटते. ओल्या शाईवर टिपकागदाऐवजी बारीक वाळू भुरभुरत. शेकडो वर्षे बस्त्यांत पडून असलेल्या मोडी कागदांच्या घड्या उलगडताना आजही तिचे चमचमते कण हाताला लागतात.

नाण्याचा ठसा याच्या उलट, घाईचा. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पडलेल्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात, पण संपूर्ण मजकूर असलेली शिवराई मिळणे नशिबाचे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, मारणारा हात घाईत. कुठे 'श्री' अर्धवट, कुठे 'पति' गायब. संग्राहक अशा नाण्यांवर भिंग धरून तासन्‌तास घालवतात.

ठसा धातूत कोरणारा हात आणि कागदावर पुस्तक छापणारा हात एकत्र आले, ते हुपरीहून फार लांब नाही, मिरजेला. पुण्याच्या रेसिडेन्सीत इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या काळात एका स्थानिक कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम करून छापायची विद्या मिळाली होती. नाना फडणवीसांच्या मनात गीता छापायचे होते. १८०० मध्ये नाना गेले आणि काम थांबले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये ताम्रपटांवरून भगवद्‌गीता छापून झाली. त्याच वर्षी तिकडे बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बाहेर पडले. कॅरीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत ठळक असते. मिरजेचा तो कोरक्या मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. ताम्रपटाची अडचण उघड होती. एका पानाला एक पत्रा, आणि त्या पत्र्यावरून दुसरे काही छापता येत नाही. सुटे खिळे जिंकले यात नवल नाही. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षरांचे मूळ ठसे पोलादात कोरले राणोजी रावजी आरू यांनी. देवनागरीचे ते वळण मराठी डोळ्यांना इतके सवयीचे झाले की त्यामागे कोणाची तरी कानस आणि छिन्नी होती, याचा विसरच पडला.

रबर आले ते परदेशातून. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्के करायची रीत शोधली. तिचा गाजावाजा टायरसाठी झाला, पण दातांच्या वैद्यांनाही कवळीचा पाया बसवायला ते रबर सोयीचे ठरले आणि त्यासाठी त्यांनी लहान बंदिस्त भांडी करून घेतली. १८६० च्या दशकात अमेरिकेत पहिले रबरी शिक्के निघाले, ते दंतवैद्यांच्या याच भांड्यांत शिजवून. आपल्याकडेही शिक्के करणाऱ्यांच्या गाळ्यात पुढची शंभरएक वर्षे तीच रीत चालली. शिशाचे खिळे जुळवायचे, प्लॅस्टरमध्ये त्यांचा साचा घ्यायचा, साच्यावर कच्च्या रबराची पट्टी ठेवून गरम दाबयंत्रात दाबायची. पट्टी सोलून काढली की अक्षरे उठलेली. मग ती कात्रीने कापून लाकडी मुठीला चिकटवायची. गाळ्यात जळक्या रबराचा उग्र वास आणि बाहेर 'अर्जंट शिक्के दोन तासांत' ही पाटी. फोटोपॉलिमर आणि लेझर आल्यावर खिळेही गेले आणि वासही.

रबर स्वस्त, मऊ आणि कोणालाही मिळणारे. पूर्वी मुद्रा जवळ असणे म्हणजे अधिकार असणे. आता दूध संस्था, पतपेढी, ग्रामपंचायत, डॉक्टर, किराणा दुकान, सगळ्यांकडे जांभळी शाई आली. शिक्का इतका सुलभ झाला, की निव्वळ शिक्का पाहून कोणी भुलेनासे झाले आणि त्यावर सही हवी अशी अट आली. सहीवर भागेना तेव्हा साक्षांकन आले. भरवशाचे काम ठशाच्या हातून हळूहळू निसटले ते इथे. उरली ती शोभा, आणि ती घरात, शाळेत, मुलांच्या हाती आली.

घरात ठसे नव्हते असे नाही. गौरी येताना मूठ वळवून उंबऱ्यापासून उमटवलेली पावले, लग्नघरात हळदीच्या हाताचे पंजे, वैष्णवांच्या अंगावर गोपीचंदनाने उमटणाऱ्या शंखचक्रांच्या पितळी मुद्रा, रांगोळीचे भोकाभोकांचे छाप. कागद फक्त नव्याने आला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि ख्यालीखुशाली स्वस्त झाली. पुढे संक्रांतीची भेटकार्डे आली. छोटेसे कार्ड, त्यावर सुगडे किंवा पतंग, पाकिटात हलव्याचे चार-पाच काटेरी दाणे. परगावच्या लेकीला, मामाला, मास्तरांना तिळगूळ टपालाने जाई. पोस्टाचा ठप्पा नेमका दाण्यांवर बसला, तर पाकिटातून साखरेची भुकटी निघे. ती बोटाने चाटायची, तिळगूळ पोचला असे समजायचे.

हाताने कार्ड करणे मराठी मुलांना शिकवले ते शाळेने. ठसेकाम हा चित्रकलेच्या तासाचा हुकमी पाठ. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल तयार, कांद्यात एकात एक वर्तुळे, बटाट्यात हवे ते कोरता येते. ताटलीत कापडाची घडी, घडीवर रंग. हाच स्टँप पॅड. दुसरा प्रकार फवाऱ्याचा. कागदावर पिंपळाचे किंवा नेच्याचे पान ठेवायचे, दात घासायचा जुना ब्रश शाईत बुडवून कंगव्यावर घासायचा. शिंतोडे उडतात, पान उचलले की त्याची पांढरी आकृती राहते, आणि गणवेशावर निळे ठिपके. दिवाळीच्या सुट्टीआधी अशी कार्डे वर्गावर्गांत वाळत असत. भेंडीच्या फुलाला एक गुण आहे. पहिला ठसा डबडबलेला, तिसरा-चौथा बेताचा, सातवा फिका. यंत्राला हा चढउतार जमत नाही, आणि हातकार्डाची सगळी गंमत त्यातच आहे. एकसारखे पन्नास ठसे हवे असतील तर छापखाना गाठावा.

बाजारात आज ज्या शाया आणि पावडरी मिळतात, त्यांच्या करामती शाई आणि कागद यांच्यातल्या फरकांवर चालतात. रंगद्रव्याची शाई खळ दिलेल्या कागदावर कड धरते, रंजकाची शाई कच्च्या हातकागदात पसरते. चिकट, उशिरा वाळणाऱ्या शाईचा ठसा मारून त्यावर रेझिनची पूड टाकायची, जादा पूड झटकायची आणि गरम हवा द्यायची. पूड वितळून अक्षर फुगते, बोटाला जाणवते. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे छापणारे उठावाची अक्षरे याच युक्तीने काढत आले आहेत. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने असे जाड, खरबरीत कागद कार्डांसाठी हाताशी आणून दिले, तेव्हा पत्रिकांनाही वेगळे रूप मिळाले. पहिली पत्रिका अजून कुलदैवतापुढे जाते आणि तिच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागते. काही छापखाने हल्ली ते पिवळे-लाल ठिपकेही छापूनच देतात, आणि घरातल्या थोरल्या बाई त्यावर पुन्हा बोटाने कुंकू टेकवतात.